कॅज्युअल करारावर काम करणाऱ्याला पगारी रजा मिळते का? (लेस्टर, इंग्लंड)

केळीच्या गावची यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळची जळगावची असून गेल्या सप्टेंबरपासून लेस्टरमध्ये एमएस्सी करीत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून एका केटरिंग कंपनीत मी हंगामी स्वरूपाचे काम करते. लग्नसमारंभ, कंपन्यांच्या मेजवान्या आणि सामन्यांच्या दिवशी स्टेडियममधील जेवणावळी अशी तिची कामे असतात. टेबले लावणे, वाढणे आणि रात्री साडेअकरानंतर शेकडो ग्लास पुसून क्रेटमध्ये भरणे हे आमचे काम. दर मंगळवारी व्हॉट्सॲपवर पुढच्या आठवड्याच्या शिफ्टची यादी येते आणि जो आधी होकार कळवतो त्याला ती शिफ्ट मिळते. करारावर ‘कॅज्युअल वर्कर’ असे लिहिले आहे. काम देण्याचे बंधन कंपनीवर नाही आणि स्वीकारण्याचे माझ्यावर नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

पगार महिनाअखेरीस होतो. मार्चपर्यंत तासाला ११.४४ पौंड दर होता, एप्रिल २०२५ पासून १२.२१ पौंड झाला. माझे वय २३ आहे. पगाराच्या पावतीवर एकूण तास, दर आणि रक्कम एवढीच एक ओळ असते. रजेचा उल्लेख आजवर एकाही पावतीवर आलेला नाही.

मागील महिन्यात सोबत काम करणाऱ्या एका पोलिश बाईंनी मला सहज विचारले की तू तुझा हॉलिडे पे (रजेचा पगार) कधी घेणार आहेस. तोवर असे काही असते हेच मला ठाऊक नव्हते. सुपरवायझरना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “कॅज्युअलना कसली सुट्टी? ज्या दिवशी येत नाही तो दिवस तुमच्या सुट्टीचाच.” मग मी पगार विभागाला ईमेल केला. त्यांचे ७ जुलैचे उत्तर एका ओळीचे आहे, आणि त्याचा अर्थ असा की तासाच्या दरातच रजेचे पैसे धरलेले आहेत.

माझे तास असे आहेत: ऑक्टोबर ५२, नोव्हेंबर ७१, डिसेंबर ९६ (नाताळच्या सुट्टीत जास्त काम केले), जानेवारी १८, फेब्रुवारी ६२, मार्च ५८, एप्रिल ८४, मे २३ आणि जून ६६. परीक्षेच्या काळात काही आठवडे अजिबात गेले नाही. सप्टेंबरअखेर प्रबंध सादर करून मी हे काम सोडणार आहे.

मला खरोखर काही मिळणे आहे का, असल्यास किती, आणि विद्यार्थी व्हिसावर असताना ते मागण्यात काही धोका आहे का, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?

---

पगारपत्रक यांचे उत्तर

मी बर्मिंगहॅममध्ये अकरा वर्षे पगार विभागात काम करतो. वकील नाही, परंतु दर महिन्याला अशा दोनशे-अडीचशे पावत्या माझ्या हातून जातात, त्यामुळे हा हिशेब माझ्या रोजच्या सरावाचा आहे.

सुपरवायझरांचे म्हणणे चुकीचे आहे. ब्रिटनमध्ये पगारी रजेचा हक्क १९९८ च्या वर्किंग टाइम रेग्युलेशन्समधून येतो आणि तो केवळ कायम नोकरदारांना नसून ‘वर्कर’ या व्यापक वर्गाला आहे. कॅज्युअल, झिरो-अवर्स (ज्यांना किमान तासांची हमी नसते ते), एजन्सीमार्फत येणारे, असे सगळे त्यात मोडतात. स्वतःचा खराखुरा व्यवसाय असणारा माणूस तेवढा बाहेर राहतो. ‘काम देण्याचे बंधन नाही’ हे कलम आपल्याला कायम नोकरदार ठरू देणार नाही कदाचित, पण ज्या रात्री आपण कंपनीचा ॲप्रन बांधून तिच्या सुपरवायझरच्या हाताखाली ग्लास पुसत होता, त्या रात्री आपण वर्कर होता यात शंका घेण्याजोगे काही मला दिसत नाही.

वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा हा किमान हक्क आहे. आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्याला त्यामुळे २८ दिवस मिळतात. आपल्यासारख्या, तास दर महिन्याला बदलणाऱ्या कामगारांसाठी १ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या रजावर्षांपासून (कंपनी ज्या बारा महिन्यांसाठी रजेचा हिशेब ठेवते ते वर्ष) नवा नियम आहे. प्रत्येक पगारकालावधीत जेवढे तास काम झाले त्याच्या १२.०७ टक्के तास रजा त्या कालावधीच्या शेवटच्या दिवशी खात्यावर जमा होते. हा विचित्र आकडा कोठून आला असे सगळेच विचारतात. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून रजेचे ५.६ वजा केले की कामाचे ४६.४ उरतात, आणि ५.६ ला ४६.४ ने भागले की १२.०७ टक्के येतात, एवढेच त्यामागचे गणित आहे.

आता आपले तास घेऊ. फेब्रुवारीत ६२ तास झाले. त्याचे १२.०७ टक्के म्हणजे ७.४८ तास. अपूर्णांक अर्ध्या तासाहून कमी असेल तर तो सोडून द्यायचा आणि अर्धा तास किंवा अधिक असेल तर पूर्ण तास धरायचा असा नियम आहे, म्हणून फेब्रुवारीचे ७ तास. जेमतेम मिनिटभराने आपला एक तास गेला. नोव्हेंबरचे ८.५७ येतात, तेथे मात्र ९ धरले जातील. याच रीतीने ऑक्टोबरचे ६, डिसेंबरचे १२, जानेवारीचे २, मार्चचे ७, एप्रिलचे १०, मेचे ३ आणि जूनचे ८. बेरीज ६४ तास. आपण नऊ महिन्यांत ५३० तास काम केले आहे.

पैशांत पाहायचे तर मार्चपर्यंतच्या ३५७ तासांचे ४,०८४ पौंड आणि नंतरच्या १७३ तासांचे २,११२ पौंड, मिळून साधारण ६,१९६ पौंड आपल्याला मिळाले असतील. त्याचे १२.०७ टक्के म्हणजे सुमारे ७४८ पौंड.

‘दरातच धरले आहे’ या उत्तराकडे मुद्दाम लक्ष द्या, कारण तेथेच कंपनी अडचणीत येते. पगारासोबतच रजेचे पैसे देण्याची पद्धत, जिला येथे रोल्ड-अप हॉलिडे पे म्हणतात, ती अनियमित तासांच्या कामगारांसाठी आता कायदेशीर आहे. परंतु ती रक्कम मूळ वेतनाच्या वर, किमान १२.०७ टक्के, आणि पावतीवर स्वतंत्र ओळीत दाखवून द्यावी लागते. आपल्या पावतीवर ती ओळ नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १२.२१ पौंड हे २१ वर्षे व त्यापुढील व्यक्तीचे २०२५-२६ चे कायदेशीर किमान वेतनच आहे, आणि ११.४४ हे २०२४-२५ चे होते. १२.२१ मध्ये रजेचे पैसे खरोखर धरलेले असतील तर मूळ दर १० पौंड ९० पेन्सच्या आसपास येतो, म्हणजे कंपनी किमान वेतनाचा भंग करीत होती असे तिने स्वतःच लिहून दिले आहे. रजेसकट योग्य दर १३ पौंड ६८ पेन्स झाला असता. रजेचे पैसे दिलेले नाहीत हे कबूल करणे कंपनीला त्या मानाने स्वस्त पडेल. ते ईमेल जपून ठेवा.

---

मँचेस्टरवासी यांचे उत्तर

वरील हिशेब बरोबर असेलही, पण जमिनीवरची परिस्थिती सांगणे मला आवश्यक वाटते. आपण करारावर सही केलेली आहे. कंपनीवर काम देण्याचे बंधन नाही हे आपणच लिहिले आहे, तेव्हा तक्रारीचा ईमेल गेला की पुढच्या मंगळवारच्या यादीत आपले नाव कोठेच असणार नाही. त्यासाठी कोणाला काही कारणही द्यावे लागत नाही. मी विद्यार्थी असताना एका गोदामात काम करीत होतो. आमच्यातील एकाने जादा तासांबद्दल विचारले आणि नंतर त्याला कधी शिफ्ट मिळाली नाही. शिवाय व्हिसावर असताना ट्रायब्युनल (कामगार न्यायाधिकरण) वगैरे शब्द उच्चारणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. सातशे पौंडांसाठी प्रबंधाच्या महिन्यात हा मनस्ताप घ्यावा का, याचा शांतपणे विचार करावा.

---

पगारपत्रक यांचे उत्तर

मँचेस्टरवासी, आपली भीती अनुभवातून आलेली आहे, ती मी नाकारत नाही. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

सहीचा मुद्दा टिकत नाही. या रेग्युलेशन्समधील हक्क करारातील कलमाने काढून घेता येत नाही आणि तसे कलम असले तरी ते निरर्थक ठरते.

व्हिसाच्या बाबतीत, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे ती कामाच्या तासांवर आहे. केलेल्या कामाचा कायदेशीर मोबदला मागितल्याने ती ओलांडली जात नाही. प्रश्नकर्त्या ताईंनी मात्र डिसेंबर आणि एप्रिलचे आठवडे विद्यापीठाच्या अधिकृत सुट्टीच्या तारखांशी ताडून पाहावेत, म्हणजे मनात किंतु राहणार नाही. एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात प्रबंध चालू असेपर्यंत ती मर्यादा लागू असते हेही लक्षात ठेवावे.

शिफ्ट बंद होण्याचा मुद्दा खरा आहे. कायद्याने, रजेचा हक्क मागितला म्हणून वर्करला त्रास देणे किंवा त्याचे नुकसान करणे यालाही मनाई आहे आणि त्याविरुद्ध वेगळा दावा करता येतो. व्यवहारात ते सिद्ध करणे कठीण जाते, कारण ‘यंदा कार्यक्रमच कमी होते’ हे उत्तर तयार असते. म्हणून मागणी करण्यापूर्वी मागील आठ-दहा आठवड्यांच्या यादीचे संदेश आणि आपले होकार यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. नऊ महिने मागाल तेव्हा शिफ्ट मिळाल्या आणि पत्रानंतरच्या आठवड्यापासून एकही मिळाली नाही, तर तो योगायोग कोणाला पटवून देणे कंपनीलाही सोपे जाणार नाही.

---

स्लाऊचा खानावळवाला यांचे उत्तर

येथे मालकाच्या बाजूनेही कोणी लिहावे म्हणून लिहितो. माझे स्लाऊमध्ये छोटे उपाहारगृह आहे. कायमचे पाच जण आणि शनिवार-रविवारी येणारे सहा-सात विद्यार्थी, त्यांत निम्मे आपलेच.

मी स्वतः अनेक वर्षे चुकत होतो हे आधी कबूल करतो. शनिवार-रविवारच्या मुलांना मी दिवाळीला पाकीट देत असे, कोणाला शंभर, कोणाला दीडशे पौंड, आणि त्यातच रजेचे काय ते आले अशी माझी प्रामाणिक समजूत होती. २०२२ मध्ये नवीन हिशेबनीस आल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की ते बक्षीस आहे, रजेचा पगार नव्हे, आणि त्याचा रजेशी काडीचा संबंध लावता येणार नाही. त्या वर्षी मागील बाकी देताना माझे कंबरडे मोडले.

पण नियमांचा घोळही थोडा नव्हता हे तरुण मंडळींना कळावे. युरोपीय न्यायालयाने २००६ मध्येच रोल्ड-अप पद्धत नियमबाह्य ठरवली होती, कारण रजेचे पैसे आधीच खिशात पडले की माणूस रजा घेतच नाही. तरीही अर्ध्या देशात ती सर्रास चालू होती. त्यानंतर आला हार्पर ट्रस्ट विरुद्ध ब्रेझेल हा खटला. बेडफर्डच्या शाळेत क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन शिकवणाऱ्या एक शिक्षिका केवळ सत्र चालू असतानाच, वर्षातून साधारण ३२ ते ३५ आठवडे काम करीत. शाळा त्यांना १२.०७ टक्क्यांनी रजेचे पैसे देई. २० जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात असा टक्का कोठेच नाही, ५.६ आठवडे म्हणजे पूर्ण ५.६ आठवडे, आणि त्यांचा पगार प्रत्यक्ष काम केलेल्या आठवड्यांच्या सरासरीने द्यायचा. ३२ आठवडे काम करणाऱ्याला त्यामुळे साडेसतरा टक्के मिळू लागले. वर्षभर राबणाऱ्यापेक्षा थोडे आठवडे काम करणाऱ्याचे प्रमाण जास्त, हे माझ्या स्वयंपाक्याला समजावून सांगता सांगता माझ्या नाकीनऊ आले होते. पुढे सरकारने १ जानेवारी २०२४ पासून नियम बदलले, १२.०७ टक्के कायद्यात आणले (ते लागू झाले १ एप्रिल २०२४ पासूनच्या रजावर्षांना) आणि स्वतंत्र ओळीच्या अटीवर रोल्ड-अपलाही परवानगी दिली.

आज माझ्याकडे प्रत्येक पावतीवर दोन ओळी असतात. एप्रिल २०२५ पासून मूळ दर १२.२१ आणि त्याखाली ‘हॉलिडे पे १२.०७ टक्के’ म्हणून तासाला १ पौंड ४७ पेन्स. सॉफ्टवेअरमध्ये एक खूण केली की ती ओळ आपोआप येते. आपल्या कंपनीसारख्या, शेकडो माणसे लावणाऱ्या मोठ्या ठिकाणी हे जमत नाही हे मला पटत नाही. त्यांना ते ठाऊक नसावे यावर तर माझा मुळीच विश्वास नाही.

माझे एक वैयक्तिक मत सांगतो. दर महिन्याला पैसे देणे मला सोपे पडते, परंतु २००६ च्या निकालातील शंका खरी होती. माझ्याकडील एकाही मुलाने गेल्या दीड वर्षात ‘मला आठवडाभर रजा हवी’ असे म्हटलेले नाही. पैसे आधी दिले तरी रजा घेऊ देण्याचे बंधन मालकावर राहतेच. पण मागणारच कोणी नसेल तर मी तरी काय करू?

---

सातपूर यांचे उत्तर

मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत कार्मिक अधिकारी म्हणून २९ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आणि सध्या मुलीकडे लेस्टरजवळ लफबरो येथे आलो आहे. विषय इंग्लंडचा असला तरी आपल्या मुलांना हा हक्क मागायला संकोच का वाटतो, याविषयी थोडे लिहावेसे वाटले.

आपल्याकडे माझ्या नोकरीच्या काळात कारखान्यातील पगारी रजेचा नियम १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये होता. वर्षात २४० दिवस भरले, तर पुढील वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा. २४० भरले नाहीत, तर सर्वसाधारणपणे काही नाही. आता हा आकडा कामगाराच्या जीवनात कसा वावरतो हे ज्याने मस्टर सांभाळले आहे त्यालाच ठाऊक. हंगामी कामगाराचे दिवस २२० च्या पुढे गेले की वरून विचारणा होई, “अमक्याला ब्रेक दिला का?” मग त्याला पंधरा दिवस, महिनाभर घरी बसवून पुन्हा नव्या तारखेने घ्यायचे. मुख्य भीती कायम करण्याच्या मागणीची असे, पण रजा त्याच ब्रेकमध्ये वाहून जाई. मी स्वतः अशा याद्या तयार केल्या आहेत आणि त्याचा मला अभिमान नाही. ज्या मुलाने वडिलांचे किंवा काकांचे असे ब्रेक पाहिले आहेत, त्याला ‘कॅज्युअलना सुट्टी नसते’ हे वाक्य ऐकून आश्चर्य का वाटावे? ते त्याला घरच्यासारखेच वाटते.

जावयाच्या सांगण्यावरून मी येथील नियम वाचले आणि एक गंमत आढळली. इंग्लंडनेही आरंभी असाच उंबरठा ठेवला होता. १९९८ च्या नियमांत पहिले तेरा आठवडे सलग काम झाल्याशिवाय रजेचा हक्कच उत्पन्न होत नसे. चित्रपट आणि दूरचित्रवाणी क्षेत्रातील तंत्रज्ञांची कामे पुष्कळदा तेरा आठवड्यांहून कमी मुदतीची असत, म्हणून ते वर्षभर काम करूनही रजेला मुकत. त्यांच्या बेक्टू या संघटनेने दावा लावला आणि २००१ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो उंबरठा रद्द ठरवला. तेव्हापासून येथे पहिल्या दिवसापासून रजा साठू लागते. उंबरठा ठेवला की तो ओलांडू न देण्याची युक्ती कोणीतरी काढतोच, हे मला कायद्याच्या पुस्तकाने नव्हे, मस्टरने शिकवले.

तेव्हा ताई, आपण कोणाकडे मेहेरबानी मागत नाही आहात. पत्र लिहिताना ‘कृपया विचार व्हावा’ अशी आपली सवयीची भाषा टाळावी आणि तास, तारखा व रक्कम एवढेच लिहावे.

---

केळीच्या गावची यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सातपूर काका, माझे वडील एका ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काही वर्षे हंगामी होते. आपले उत्तर मी त्यांना फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “मला दोनदा दिला होता ब्रेक.”

मी कराराची प्रत पुन्हा वाचली. नवव्या कलमात रजावर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे दिले आहे आणि रजा कायद्याप्रमाणे मिळेल एवढे एकच वाक्य आहे. दरात रजा धरल्याचा उल्लेख संपूर्ण करारात नाही. हे मी पगार विभागाला कळवले तेव्हा त्यांनी भूमिका बदलली. आता ते म्हणतात की मार्चअखेर रजावर्ष संपले, त्यामुळे तोवरची रजा न घेतल्याने रद्द झाली आणि एप्रिलनंतरची पाहता येईल. हिशेबाप्रमाणे मार्चपर्यंतचे ४३ तास आहेत आणि नंतरचे केवळ २१. हे बरोबर आहे का? आणि मी ७४८ पौंड थेट मागावे का?

---

पगारपत्रक यांचे उत्तर

करारातील ते कलम आपल्या पथ्यावर पडले आहे. रजावर्ष १ एप्रिल २०२४ ला सुरू झाले असल्याने आपल्या संपूर्ण कालावधीला नवा नियम लागतो. हेच वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते तर ऑक्टोबर ते डिसेंबरचे तास जुन्या पद्धतीने, खानावळवाल्यांनी सांगितलेल्या खटल्याच्या हिशेबाने काढावे लागले असते.

रजा रद्द झाली हे म्हणणे मान्य करू नका. जानेवारी २०२४ पासून नियमांत स्पष्ट तरतूद आहे की मालकाने रजेचा हक्कच मान्य केला नसेल, किंवा रजा घेण्याची वाजवी संधी दिली नसेल, किंवा न घेतल्यास ती बुडेल हे कामगाराला सांगितले नसेल, तर ती रजा पुढील वर्षात ओढली जाते. आपल्याला तर सुपरवायझरने रजा नसतेच असे सांगितले आणि पगार विभागाने ती दरात आहे असे लिहिले. हक्क मान्य न केल्याचा याहून स्वच्छ पुरावा काय हवा?

पैसे थेट मागण्याबाबत मात्र थांबा, कारण येथे बहुतेक जण चुकतात. नोकरी चालू असताना ही रजा रोखीत बदलून घेता येत नाही. ती रजा म्हणूनच घ्यायची आणि त्या काळाचा पगार घ्यायचा. रोखीत मिळते ती काम सोडताना उरलेली. आपली आठवड्याची सरासरी साडेतेरा तासांच्या आसपास पडते, तेव्हा ६४ तास म्हणजे साडेचार आठवड्यांहून अधिक काळाची रजा होते. तेवढी एकदम मागू नका, कारण जितक्या काळाची रजा हवी त्याच्या दुप्पट आधी सूचना द्यावी लागते. १८ ते ३१ ऑगस्ट असे दोन आठवडे मागा. त्यासाठी २१ जुलैपूर्वी लेखी सूचना गेली पाहिजे. प्रबंधाला तेवढी उसंत मिळेल हा वेगळा लाभ. त्याच पत्रात लिहा की उरलेल्या तासांचे पैसे सप्टेंबरच्या अखेरच्या पगारात अपेक्षित आहेत. जुलैपासून पुढे जे काम कराल त्याचे १२.०७ टक्के त्यात वाढत जातील.

पत्राला नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार प्रक्रियेप्रमाणे लेखी तक्रार करा, पण तिच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. ट्रायब्युनलकडे जाण्याची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी इतकीच आहे आणि अंतर्गत तक्रार चालू असली तरी ती मुदत थांबत नाही. ती थांबते एकॅस या संस्थेकडे समेटासाठी अर्ज केल्यावर, आणि तसा अर्ज केल्याशिवाय ट्रायब्युनलमध्ये दावा दाखलही होत नाही. दोन्हींसाठी शुल्क लागत नाही. बरीच प्रकरणे एकॅसचा फोन गेल्यावरच मिटतात, निदान माझ्या टेबलावर आलेली तरी तशीच मिटली आहेत.

कंपनी पुन्हा ‘दरातच आहे’ यावर आली, तर २०२५ च्या व्यवस्थेप्रमाणे किमान वेतनाची तक्रार महसूल खात्याकडे करता येते. ते खाते रजेच्या पगाराची वसुली करून देत नाही, परंतु किमान वेतनातील थकबाकी वसूल करते आणि वर थकबाकीच्या दुप्पट दंड लावू शकते. ही गोष्ट पत्रात धमकी म्हणून लिहू नका. ‘दर १२.२१ हाच किमान वेतनाचा असल्याने त्यात रजेचे पैसे समाविष्ट असू शकत नाहीत असे मी समजते’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून आपण सर्वांत आधीची तारीख धरा. लेखी नकाराचा पहिला ईमेल ७ जुलैचा आहे, तेव्हा ६ ऑक्टोबर हा आपला शेवटचा दिवस समजा.

---

केळीच्या गावची यांचे उत्तर

पत्र आज सकाळी पाठवले. १८ ऑगस्टपासून दोन आठवडे रजा मागितली आहे. ६ ऑक्टोबरच्या आधी, २२ सप्टेंबरला एकॅसचा अर्ज भरण्याची आठवण फोनमध्ये लावून ठेवली आहे. ज्या पोलिश बाईंमुळे हे सगळे कळले त्यांना मी हिशेब दाखवला, तर त्यांनी स्वतःचे तास लिहिलेली वही काढली. त्या तीन वर्षांपासून तेथे आहेत आणि त्यांच्याही पावतीवर ती दुसरी ओळ कधी आलेली नाही. हॉलिडे पे त्यांना दरवर्षी मिळतो असे मी समजत होते. प्रत्यक्षात त्या मला विचारत होत्या, कारण कोणाला तरी तो मिळतो का हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांचा प्रश्न जुना असल्याने तो मी वेगळा धागा काढून विचारते.